'ग्लिसांडो'ला मराठीत काय म्हणावं: मींड की घसीट?

प्रश्न: अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्शविनच्या 'रॅप्सडी इन ब्लू' या रचनेची सुरुवात क्लॅरिनेट या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या ग्लिसांडोने, म्हणजे सुरांवरून सरकत जाण्याने, होते. मराठीत लिहिताना 'मींड' आणि 'घसीट' असे दोन शब्द समोर येतात. नेमका कोणता वापरावा?

उत्तर: मींड. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता जाणं म्हणजे मींड, आणि तिथे कानाला तेच ऐकू येतं. घसीट म्हटलं की सतारीच्या पडद्यांवरून तारेला घासत जाणारं बोट डोळ्यांपुढे येतं. क्लॅरिनेटला तार कुठली?

दुसरं उत्तर: मींड म्हणा, पण सुरुवातीच्या सगळ्या चढाला नको. गर्शविनने लिहिला होता तो साधा चढता सरगम, १७ सुरांचा. १२ फेब्रुवारी १९२४ ला न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या बँडने ही रचना पहिल्यांदा वाजवली. त्याच्या तालमीत क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मनने वरचे सूर ओढून घेतले. गर्शविनला ते आवडलं आणि तसंच कायम झालं.

पेटीची पाचवी काळी पट्टी, म्हणजे काळी पाच, षड्ज (सा) धरा. सुरुवातीची थरथर (ट्रिल) खालच्या पंचमावर, म्हणजे पांढरी चारवर. तिथून दोन सप्तकं ओलांडून पुढच्या षड्जापर्यंत चढायचं. यातला खालचा भाग बहुतेक वादक सुटे सूर म्हणूनच वाजवतात, कारण मधल्या भागातले काही सूर चाव्यांवर निघतात आणि चावी एक तर उघडी असते किंवा बंद. खरी मींड शेवटच्या सात सुरांत आहे, रिषभापासून षड्जापर्यंत. तिथे सहा बोटं उघड्या भोकांवर असतात. बासरीवाला मींड घेतो तशीच ती बोटं, सर्वांत खालच्या भोकापासून वर, भोकाच्या कडेवरून हळूहळू सरकवत काढायची. बोटं उचलली की पायऱ्या ऐकू येतात.

नुसत्या बोटांनीही भागत नाही. जिभेचा मागचा भाग खाली, ओठांची पकड सैल ठेवून सूर खाली रोखायचा, बोटं थोडी पुढे जाऊ द्यायची आणि मग तोंड सावकाश पूर्ववत आणायचं. पकड आधीच घट्ट असेल तर सूर ओढलाच जात नाही, आणि घाईत आवळली तर चिरकतो.

म्हणून वाक्य असं करावं: 'क्लॅरिनेट सरगम चढत जाते आणि वरच्या सप्तकात तिची मींड होते.' पियानोवरचा ग्लिसांडो मात्र मींड नव्हे. तिथे नख पट्ट्यांवरून फिरतं आणि प्रत्येक पट्टी वेगळी वाजते. स्वरमंडळावरून बोट फिरवल्यासारखंच ते. तिथे 'ग्लिसांडो' हाच शब्द राहू द्यावा.

प्रश्न: मग जॅझमधल्या 'ब्लू नोट' या सुराला 'कोमल गंधार' चालेल का? आणि शीर्षकातल्या 'ब्लू'चं काय?

उत्तर: नाही चालणार. ब्लू नोट बहुतेकदा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी लागते. गायकाला, क्लॅरिनेटला ती जागा सापडते. पियानोला हार्मोनियमसारखीच मधली पट्टी नाही, म्हणून वादक कोमल गंधाराचा कण (ओझरता स्पर्श) लावून शुद्धावर येतो किंवा दोन्ही पट्ट्या एकदम दाबतो. 'कोमल गंधार' लिहिलंत तर पेटीवाला सरळ एक पट्टी दाबेल आणि जॅझचा रंगच जाईल. जोग रागात दोन्ही गंधार येतात खरे, पण तिथे त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, आरोहात शुद्ध, अवरोहात कोमल. ही तुलना ओढूनताणून होते.

शीर्षक भाषांतरित करू नये. ते भाऊ आयरा गर्शविनने सुचवलं, व्हिसलर या चित्रकाराच्या चित्रांच्या नावांवरून. त्या नावांत संगीताचे शब्द आणि रंग एकत्र येतात. 'ब्लू'मध्ये निळा रंगही आहे आणि ब्लूज हा उदास सुरांचा संगीतप्रकारही. 'निळी' म्हटलं की ब्लूज गेले, 'उदास' म्हटलं की रंग गेला. 'रॅप्सडी'चा मूळ ग्रीक अर्थ गाणी एकत्र शिवणं, तो लेखात एकदा सांगून टाकावा. तुकड्याला तुकडा जोडत जाणाऱ्या या रचनेला तो चपखल बसतो.