ऑनलाइन पोकर: ३५,००० हातांत १६ बाय-इन वर, मग १३ खाली. नशीब की खेळ?

चौकटगुलाम
ब्रिटनमधल्या लेस्टरमधून खेळतो, परवाना असलेल्या साइटवर. नो-लिमिट होल्डेम, सहा जणांचं टेबल, ब्लाइंड (पानं बघण्याआधी लावायची सक्तीची रक्कम) स्मॉल १० आणि बिग २५ सेंट, बाय-इन (टेबलावर बसताना आणायची रक्कम) २५ डॉलर, एका वेळी चार टेबलं. पहिल्या २०,००० हातांत १६ बाय-इन वर होतो, पुढच्या १५,००० मध्ये १३ गेले. पोकरट्रॅकर (हातांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे निकालातला चढउतार, १०० हातांमागे ९५ बिग ब्लाइंड दाखवतो. खात्यात ६०० डॉलर उरलेत. माझा खरा खेळ कोणता, आधीचा की आत्ताचा? आणि ५० डॉलर बाय-इनच्या टेबलावर बसून गेलेलं लवकर भरून निघेल का?

आकडेमोडे
दोन्ही खरे नाहीत. तुम्ही रेघ नेमकी शिखरावर मारलीत, त्यामुळे दोन वेगळे खेळाडू दिसतायत. सगळं एकत्र धरा: ३५,००० हातांत ३०० बिग ब्लाइंड वर, म्हणजे १०० हातांमागे ०.८६.

आता या आकड्यावर भरवसा किती? ३५,००० ला १०० ने भागा, ३५० आले. त्याचं वर्गमूळ १८.७. ९५ ला त्याने भागलं की साधारण ५. दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट धरली, तर तुमचा खरा दर ढोबळमानाने उणे ९ ते अधिक ११ यांच्यात कुठेही असू शकतो. या पट्ट्यात उत्तम खेळाडूही बसतो आणि रोज पैसे वाटणाराही. एक लाख हातांनंतरसुद्धा हा आकडा प्रत्येक बाजूला ६ ने चुकू शकतो. त्यामुळे ‘मी जिंकणारा की हरणारा’ हे आलेखाला विचारू नका, हातांच्या तपासणीतून शोधा.

खरा दर १०० हातांमागे २ बिग ब्लाइंड धरला तर वर जाणं आणि खाली येणं, दोन्ही दीड डेव्हिएशनच्या आत बसतं. अगदी रोजचं आहे हे.

५० च्या टेबलाबद्दल: ६०० डॉलर म्हणजे तिथे फक्त १२ बाय-इन. सध्याच्या टेबलावरच २४ आहेत. दर २ आणि डेव्हिएशन ९५ असेल, तर २४ बाय-इनवर कधी ना कधी सगळं संपण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के, ५० बाय-इनवर ११ टक्के. दर ४ असेल तर हेच आकडे १२ आणि १ वर येतात. दर शून्य किंवा उणे असेल तर किती बँकरोल (खेळासाठी ठेवलेले पैसे) आहे याला अर्थ नाही, ते संपणारच, फक्त उशिरा. हे गणित एकाच टेबलावर चिकटून बसणाऱ्याचं आहे. वेळेवर खाली उतरणाऱ्याचा धोका बराच कमी होतो. म्हणून ५०० डॉलरला आलात की १० च्या टेबलावर जा, तिथे ५० बाय-इन होतात. २००० झाल्याशिवाय ५० कडे बघूही नका. हे आकडे आत्ताच कागदावर लिहा. हरत असताना घेतलेला निर्णय वसुलीचाच असतो.

चौकटगुलाम
पण ऑल-इन ईव्हीची रेघ (सगळे पैसे लावल्यावर जिंकण्याच्या शक्यतेनुसार किती मिळायला हवं होतं, ते दाखवणारी) खऱ्या रेघेच्या ६ बाय-इन वर आहे. मग अर्धं नुकसान तरी नशिबाचंच ना?

बदामराणी
ती रेघ फक्त एवढंच सांगते की पैसे मध्ये गेल्यावर उरलेली पानं कशी पडली. त्याआधीचं नशीब तिला दिसत नाही. तुमच्याकडे राजाची जोडी, समोर एक्क्याची, फ्लॉपआधीच (पहिली तीन सामायिक पानं पडण्याआधी) १०० ब्लाइंड आत. तुमचा वाटा १८ टक्के, म्हणून ईव्हीची रेघसुद्धा ६४ ब्लाइंड खाली जाते. तिथे तुम्ही काही वेगळं करणार नव्हता, तरी ती तुम्हालाच दोष देते. उलट, रिव्हरवर (शेवटच्या सामायिक पानावर) वाईट कॉल केलात, म्हणजे समोरच्याच्या बेटएवढे पैसे चुकीने भरलेत, तर तो पूर्ण तोटा तिथे जसाच्या तसा दिसतो, कारण पानं उलटायची बाकीच नसतात. आलेख बंद करा.

त्यापेक्षा हे करा. १३ बाय-इन गेले ते १५,००० हात वेगळे काढा आणि पहिल्या २०,००० शी ताडून बघा. व्हीपीआयपी (फ्लॉपआधी स्वतःहून पैसे टाकलेल्या हातांचा टक्का) २४ चा २९ झालाय का? स्मॉल ब्लाइंडमधून नुसते कॉल वाढलेत का? शोडाऊनपर्यंत (शेवटी पानं उघडण्यापर्यंत) जाण्याचा टक्का चढलाय का? टिल्ट, म्हणजे भावनेच्या भरात खेळ बिघडणं, याचा अर्थ टेबल आपटणं नव्हे. बहुतेकांचा टिल्ट गुपचूप असतो: केजे ऑफसूट (वेगवेगळ्या रंगांचे राजा-गुलाम) घेऊन थ्री-बेटला, म्हणजे रेझवर आलेल्या रेझला, कॉल, आणि रिव्हरवर ‘हा ब्लफच मारतोय’.

त्या शेवटच्या सवयीचं गणित: पॉटएवढी बेट आली तर कॉलसाठी ३३ टक्के वेळा जिंकायला हवं. या पातळीवर रिव्हरवरच्या मोठ्या रेझमध्ये ब्लफ त्याहून फारच कमी असतात. एक जोडी फेकून द्या. हरणाऱ्या १०० सर्वांत मोठ्या पॉटपैकी असे किती, ते मोजा.

काळापत्ता
स्टॉप-लॉसवर (ठरलेलं नुकसान झालं की उठणं) लोक फार बोलतात. ३ बाय-इनवर उठल्याने गणिती फायदा शून्य, पुढचा हात कालच्यासारखाच असतो. खेळ बिघडत असेल तरच त्याचा उपयोग. बहुतेकांचा बिघडतो, म्हणून ठेवा.

जिंकताना होणारं नुकसान मात्र कोणी मोजत नाही. दोन बाय-इन वर आलं की ‘हे सांभाळू’ म्हणून लोक उठतात आणि हरताना पहाटेपर्यंत बसतात. म्हणजे चांगल्या टेबलावर कमी हात, वाईट अवस्थेत जास्त. सत्र पैशाने नाही, घड्याळाने संपवा: ९० मिनिटं. दुसरं, स्टॅक २०० ब्लाइंडचा झाला आणि समोरचाही तेवढाच खोल असेल, तर टॉप पेअरची (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जुळलेल्या जोडीची) किंमत घसरते. १०० वर जिथे बिनधास्त ऑल-इन जात होता, तिथे आता दोन जोड्याही तपासून खेळाव्या लागतात. फायद्यातली मोठी घसरण इथूनच येते.

पुणेकर_नवखा
पुण्यातून हे कुठे खेळता येईल?

आकडेमोडे
पैसे लावून ऑनलाइन नाही. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर भारतातल्या साइट्सनी पैशाचा पोकर बंद केला. गोव्याच्या कॅसिनोत प्रत्यक्ष टेबल असतं, पण तिथे तासाला २५-३० हात होतात. वरचे ३५,००० हात व्हायला अकराशेहून जास्त तास लागतील. ‘गेल्या चार वेळा जिंकलो’ याला तिथे काहीच वजन नाही.

चौकटगुलाम, एक राहिलं. साइटवर डिपॉझिटची मर्यादा लावा. कमी केलीत तर लगेच लागू होते, वाढवायला निदान २४ तास थांबावं लागतं, आणि तेच हवंय. टाइम-आउट (खात्याला तात्पुरती सुट्टी) सहा आठवड्यांपर्यंत मिळतो. घरभाड्याचे पैसे मध्ये यायला लागले असतील तर बँकरोलची चर्चा सोडा आणि गॅमस्टॉपवर (स्वतःवर जुगारबंदी लावून घेण्याची सेवा) नाव घाला: ६ महिने, १ वर्ष किंवा ५ वर्षं, ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन साइटवर एकदम, आणि मुदत संपेपर्यंत मागे घेता येत नाही.