डिंगीची घरगुती शर्यत: नवख्या बापलेकीसाठी लाइफ जॅकेट सुचवा (बजेट ६ हजार)

उपनगरकर: नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ नोकरी सोडून बायको-मुलासह शिडाच्या बोटीवर राहतो. सध्या मलेशियात लंकावीला नांगर टाकलाय. शेजारी अशीच पाचसहा बिऱ्हाडं. किनाऱ्यावर ये-जा करायच्या त्यांच्या छोट्या होड्या, म्हणजे डिंग्या, त्यांना शीड चढवून नाताळात शर्यत लावणार आहेत. प्रत्येक डिंगीत एक मोठं माणूस, एक मूल. आम्हालाही एक मिळतेय. लेक नऊ वर्षांची, २६ किलो, पोहते. मला पोहता येत नाही, सौ.ला येतं. दोघांची जॅकेटं सुचवा. सराव नाशकात कुठे होईल?

सातपूरचा_सद्या: जॅकेटचं राहू द्या, लेकीला ऑप्टिमिस्टच घ्या. मुलांची बोट, पावणेआठ फूट. साडूने पुण्यात सेकंडहँड घेतलीय. एक नंबर.

उपनगरकर: दादा, सहा हजार! आणि ठेवू कुठे?

सातपूरचा_सद्या: गच्चीवर. ३५ किलोची तर असते.

द्राक्षबागाईतदार: मी ऑनलाइन नऊशेचं नारिंगी जॅकेट घेतलं होतं. पाण्यात उतरलो की हनुवटीला येऊन चिकटायचं. आता त्यावर कुत्रं झोपतं.

जुनी_पंचवटीकर: गंगापूर धरणावर जा की! बोट क्लब आहे. आपल्या जिल्ह्यातला दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला, तुम्हाला एक शर्यत जमत नाही?

गोदातीर: ताई, दत्तू रोइंगवाला. चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचा. तो वल्ही मारतो, इथे शीड आहे. आणि गंगापूरचं पाणी आख्खं नाशिक पितं, परवानगीशिवाय काही उतरवू नका.

जुनी_पंचवटीकर: बोट ती बोट. उगाच शहाणपणा.

निवृत्त_नौसैनिक: मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलीला फोमचं घ्या, तिच्या वजनाच्या मापाचं. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि पोर खाली. घातल्यावर खांद्याला धरून ओढा. कानापर्यंत आलं तर मोठं होतंय. लेबलवर ५० न्यूटन (तरंगवून धरण्याचा जोर) असेल तर ते पोहणाऱ्यासाठी, मदत जवळ असताना. तुम्ही पोहत नाही, तुम्हाला १०० किंवा जास्त, मानेमागे कॉलर असलेलं. सावरकर जलतरण तलावात विचारून एकदा घालून तरंगून बघा. आणि खरं सांगू का, डिंगीत वहिनींना बसवा.

सिडकोवाला: फोम कशाला? फुगणारं ऑटोमॅटिक घ्या, अंगावर कळतही नाही. माझं साडेबारा हजारांचं आहे.

निवृत्त_नौसैनिक: त्यात गॅसचं नळकांडं असतं. विमानात न्यायला एअरलाइनची आधी मंजुरी लागते. शिवाय बजेट वाचलंत का?

गोदातीर: मलाही वाटतं वहिनींनीच बसावं.

द्राक्षबागाईतदार: वहिनीच. बाकी सगळ्यांच्या डिंग्या सारख्या नसणार, मग जिंकलं कोण ते ठरवणार कसं?

निवृत्त_नौसैनिक: संथ डिंगी आधी सोडायची, वेगवान मागून. शेवटच्या रेषेवर पहिला तो जिंकला, गणित मांडत बसायला नको. रबरी फुगीर डिंगी देत असतील तर मात्र घेऊ नका. तळातून पाण्यात सोडायची फळी बहुतेकींना नसते, वारा आडवा ढकलत नेतो.

घरी बसून एवढं पाठ करा. वाऱ्याच्या थेट तोंडावर बोट चालत नाही, साधारण ४५ अंश तिरकी, नागमोडी न्यायची. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. समोरासमोर आलात तर उजवीकडून वारा घेणाऱ्याचा हक्क. दोघांना एकाच बाजूने वारा असेल तर वाऱ्याकडच्याने बाजूला व्हायचं. बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, फिरताना डोकं खाली. नवख्यांना पहिला प्रसाद तिथेच मिळतो.

सातपूरचा_सद्या: म्हणूनच म्हणतो, स्वतःची ऑप्टिमिस्ट असली की हे आपोआप कळतं.

सिडकोवाला: हातमोजे पण घ्या. आणि वॉटरप्रूफ कॅमेरा.

उपनगरकर: सर्वांचे आभार. लेकीला पट्ट्याचं फोमचं घेतलं, मला कॉलरवालं १०० न्यूटन. पाच हजार आठशेत बसलं. डिंगीत मात्र मीच बसणार. सौ. म्हणते, पोहता येणारं माणूस बाहेर मोकळं हवं, दोघांना ओढून काढायला.

निवृत्त_नौसैनिक: मग सुकाणू लेकीकडे द्या.

जुनी_पंचवटीकर: तलावावर जाणार असाल तर सकाळच्या बॅचला जा, संध्याकाळी फार गर्दी असते.