निगेटिव्हमध्ये सगळं आधीपासूनच होतं

'जुना सिनेमा फोर-के (खूप बारीक तपशिलाची डिजिटल प्रत) करून काय मिळणार, तेव्हा एवढं स्पष्ट दिसतच नव्हतं' हे काहींचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. दिसत नव्हतं ते प्रिंटमुळे, म्हणजे थिएटरात दाखवायच्या प्रतीमुळे. ३५ एमएमच्या मूळ निगेटिव्हमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या फिल्ममध्ये, तपशील भरपूर असतो, थिएटरात पोचायची ती कॉपीची कॉपी. टीव्हीवर तर आणखीच फिकी.

'मंथन' (१९७६) हा सिनेमा घ्या. निगेटिव्ह आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली. फिल्म हेरिटेज फाउंडेशन या जुने सिनेमे जपणाऱ्या संस्थेने तिच्यावरून फोर-के प्रत केली, २०२४ मध्ये कान महोत्सवात ती दाखवली गेली. व्हिडिओवर स्मिता पाटीलचा सावलीतला चेहरा नुसता काळपट दिसायचा. आता त्या अंधारातही तिची नजर कुठे वळते ते कळतं, आणि अभिनय तर तिथेच आहे ना! आवाज रिलीज प्रिंटवरून घ्यावा लागला, म्हणून जुन्या प्रिंटही टाकून द्यायच्या नसतात.

एकच कळकळीची विनंती, ग्रेन, म्हणजे चित्रात दिसणारे फिल्मचे बारीक दाणे, पुसू नका. तो फिल्मचा पोत आहे, घाण नव्हे. पुसला की चेहरे मेणाचे होतात. घरी बघणार असाल तर टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) आधी बंद करा.