मदत हवी आहे: कोळशावरच्या चिकन-बांगड्याला बिनसाखरेचं काय लावू?

मंडळी, सुट्टीच्या दिवशी गच्चीवर कोळशाची शेगडी पेटवून चिकन, कधी बांगडा भाजायचा आमचा शिरस्ता. आता वडिलांना साखर निघाली, म्हणून बार्बेक्यू सॉसची बाटली बंद केली. दोन मोठे चमचे सॉस म्हणजे बारा-पंधरा ग्रॅम साखर! केचपच्याही एका मोठ्या चमच्यात चारेक ग्रॅम असतेच. "मग गुळाचा कर की," असा सल्ला घरात मिळालाय. कोल्हापूरच्या माणसाला गूळ साखरेत मोजायची सवयच नाही.

कोल्हापुरात राहून मसाल्यासाठी हात पसरतोस, असं म्हणाल. पण कांदा-लसूण मसाला चोळून जाळीवर ठेवला की चिकन शिजायच्या आत त्यातलं खोबरं, तीळ, लसूण करपून कडू होतं. रश्श्यात हे होत नाही. नुसतं लिंबू-तिखट लावावं तर कोरडं पडतं, सॉसचं चकचकीत आवरण काही येत नाही. काय करू? माशाला चिंच चालेल का? आणि विकतच्या मसाल्याच्या पाकिटावर काय बघायचं?

प्रतिसाद (रंकाळाकाठ):
मसाला शेवटी लावा. आधी चिकनला चक्का, आलं-लसूण, हळद, मीठ, रंगाला ब्याडगीची पूड नि थोडं शेंगतेल लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. भाजताना चक्क्याचंच आवरण धरतं. उतरवायच्या दोन मिनिटं आधी तेलात कालवलेला कांदा-लसूण मसाला वरून फिरवा.

चिंचेत स्वतःची साखर बरीच असते. बांगड्याला चिरा देऊन कोकमाचं आगळ लावा, पंधरा-वीस मिनिटं पुरे. जास्त ठेवलात तर मांस भुसभुशीत होतं. आगळात मीठ असतं, वरून घालू नका. आणि सरबताचं कोकम उचलून आणू नका, त्यात साखरच साखर.

पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीन-चारांत साखर, डेक्स्ट्रोज दिसलं की ठेवून द्या. माल्टोडेक्स्ट्रिनही बघा. साखरेच्या रकान्यात ते येत नाही, पण रक्तातली साखर चढवतं.

धागाकर्ता:
आभार! तेल तापवून त्यात मसाला घालायचा का?

रंकाळाकाठ:
नको, कोमट पुरे. मसाला आधीच भाजलेला असतो.