प्रतिसाद: बंदीपेक्षा गावाचा शब्द मोठा

"गावकऱ्यांना समजावून उपयोग नाही, कडक कायदाच हवा" हे पक्ष्यांच्या शिकारीबद्दल मांडलं जाणारं मत मला पटत नाही. नागालँडमधल्या दोयांग जलाशयावर २०१२ साली जाळी लावून हजारो अमूर ससाणे (स्थलांतर करणारे छोटे शिकारी पक्षी) मारले जात होते. कायदा तेव्हाही होताच! मग ग्रामपरिषदा, चर्च आणि कार्यकर्ते एकत्र आले, गावांनी स्वतःच बंदी घातली आणि २०१३च्या हंगामात तिथली शिकार थांबली. एका वर्षात!

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. त्याच वर्षी तीन ससाण्यांना उपग्रह ट्रान्समीटर बसवले आणि त्यांची नावं ठेवली नागा, पांगती, वोखा. आपल्या गावाच्या, जिल्ह्याच्या नावाचा पक्षी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचतोय म्हटल्यावर त्यावर जाळं कोण टाकेल?