.३०८ : गोळी बसवताना प्रेसचा दांडा मध्येच अडतो

ह्यूस्टनकर
नमस्कार मंडळी. सहाशे यार्डांच्या टार्गेटसाठी .३०८ विंचेस्टर रायफलची काडतुसं घरीच प्रेसवर भरतो. वापरलेल्या पितळी पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं) पाणी आणि स्टीलच्या पिनांच्या फिरत्या टंबलरमध्ये धुवायला लागल्यापासून गोळ्या नीट बसत नाहीत. काही सरळ उतरतात, काही अडून मग झटक्यात आत जातात. नेकच्या (गोळी बसते त्या गळ्याच्या) काठाला तांब्याचा बारीक कीसही दिसतो. गोळी आत बसवणारी सीटिंग डाय बदलू का?

अप्पा, फिनिक्स
डायला हात लावू नका. कीस निघतोय म्हणजे काठ गोळीला ओरबाडतोय. पिना आणि पुंगळ्या एकमेकींवर आपटून तोंडाचा काठ ठेचला जातो, बारीक कंगोरा आत वळतो. म्हणून धुऊन, वाळवून झाल्यावर आतून चॅम्फर करा, म्हणजे काठ तिरका तासा. हलक्या हाताने, कंगोरा जाईपर्यंतच. काठ सुरीसारखा पातळ करू नका.

पण खरं कारण मला वेगळंच वाटतं. बार झाल्यावर नेकच्या आत काजळीचा पातळ थर राहतो आणि गोळी त्याच्यावरूनच घसरते. पिना तो पार खरवडून काढतात. मग गोळीचं तांब्याचं जॅकेट (बाहेरचं वेष्टन) कोऱ्या पितळेला धरून ठेवतं. पुंगळी आतून आरशासारखी लखलखीत हवी हा हट्ट मला कधीच पटला नाही. मी मक्याच्या कणसाच्या भुशात फिरवतो, नेकमधून नायलॉनचा ब्रश घालतो, झालं. पाण्याने धुणं सोडायचं नसेल तर त्याच ब्रशला कोरडी ग्राफाइटची पूड लावा. तेलकट काही मात्र आत राहता कामा नये, काडतुसातली पावडर (दारू) बिघडते.

सॅन होजेचा नेमबाज
नेकची पकडही मोजा. गोळी बसवण्याआधीचा आणि नंतरचा बाहेरचा व्यास, यांतला फरक ०.००२ इंचाच्या आसपास बरा. जास्त असेल तर नेक आतून किंचित रुंद करणारा मँड्रेल वापरा.

ह्यूस्टनकर
अप्पा, चॅम्फर करून ग्राफाइट लावलं. दांडा आता एकसारखा जातो! आधी अडलेल्या काडतुसांचं काय करू?

अप्पा, फिनिक्स
वेगळी ठेवा. तळापासून ओजाइव्हपर्यंतची (गोळी निमुळती होते तिथपर्यंतची) लांबी कंपॅरेटरने मोजा, मागेपुढे सापडेल. लांबी जुळली तरी त्यांची पकड सारखी नसते. मग वेग कमी-जास्त होतो आणि सहाशे यार्डांवर गोळ्या वर-खाली पसरतात. शंभर यार्डांवर स्कोप जुळवायला वापरा. गोळीवर खोल ओरखडा असेल ते काडतूस मात्र गोळी उपसणाऱ्या पुलरने उघडा. आणि गोळ्या बोट-टेल (बुडाशी निमुळत्या) आहेत की सपाट बुडाच्या? सपाट असतील तर चॅम्फर जरा जास्त लागेल.

ह्यूस्टनकर
बोट-टेल, वजन १६८ ग्रेन.

अप्पा, फिनिक्स
मग आहे तेवढं पुरे.