वर्षभर हात लागला नाही म्हणून वस्तू घराबाहेर काढायची का?

उंबरठा
परवा ‘मोकळी जागा’ यांनी आपल्या रिकाम्या माळ्याचे छायाचित्र येथे टाकले आणि लिहिले, की ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही ती घरात ठेवणे हा भावनिक आळस आहे. आईची तांब्या-पितळेची सगळी भांडी मोडीत घातल्यावर त्यांना फार हलके वाटले. दोन दिवस मी गप्प राहिले, पण ‘भावनिक आळस’ हे शब्द मनातून जाईनात.

आमच्या घरातला शिसवी पाळणा सत्तावीस वर्षे माळ्यावर होता. माझ्या मुलीनंतर त्यात कोणी निजले नव्हते. गेल्या श्रावणात तिच्या मुलाचे बारसे त्याच पाळण्यात झाले. अधिक मासात जावयाला तेहतीस अनारसे ज्या तांब्याच्या ताटातून देतात, ते ताट जवळजवळ तीन वर्षांनी एकदा खाली उतरते. वर्षाच्या मापाने मोजले तर या दोन्ही वस्तू केव्हाच भंगारात गेल्या असत्या. माझ्या सासूबाईंच्या पातेल्यांवर देणाऱ्याचे नाव आणि लग्नाची तिथी कोरलेली आहे. त्यातल्या तीन माणसांचे नाव आज त्या पातेल्यांखेरीज कोठेही उरलेले नाही. ती पातेली किलोच्या भावाने द्यायची, हा विचारच मला सहन होत नाही.

मोकळी जागा
उंबरठाताई, आपण पाळण्याची गोष्ट सांगितलीत, आता माझी ऐका. माझी आई माळ्यावरची पितळी कढई काढायला स्टुलावर चढली आणि पडली. खुब्याचे हाड मोडले, आणि त्यानंतर ती अंथरुणातून पुन्हा नीट उठलीच नाही. ती कढई तिला कशाला हवी होती? कशालाच नाही. दिवाळी जवळ आली होती, म्हणून ती घासून परत वर ठेवायची होती.

वडिलांच्या पश्चात इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा जागा रिकामी करण्यासाठी मला तीन आठवडे मिळाले. पलंगाच्या पेटीत न वापरलेल्या चादरी होत्या, माळ्यावर वाळवी लागलेले दिवाळी अंक होते आणि हँडल तुटलेले चार प्रेशर कुकर होते. ते सगळे मी एकट्याने उपसले. ‘जपून ठेवा’ असे सांगणारे नातेवाईक पुष्कळ होते. ‘मी घेऊन जातो’ असे एकानेही म्हटले नाही.

खलबत्ता
आपल्या आईंबद्दल वाचून वाईट वाटले. तरीही मोडीविषयी बोलणे भाग आहे, कारण तेथे आपली चूक झाली आहे. मोडीत भांड्याला फक्त धातूचा भाव मिळतो, घडणावळ शून्य धरतात. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ठोके देऊन घडवलेले भांडे आज नवे घ्यायला गेलात, म्हणजे आपण काय दिले ते कळेल. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई केली की त्यात आमटीसुद्धा करता येते. मी रोज करते. भांडे वापरात नसते ते कल्हई नसल्यामुळे, निरुपयोगी म्हणून नव्हे.

साखरवाटी
कल्हई कोण करणार? आमच्या उपनगरात कल्हईवाला येऊन पंधरा वर्षे झाली. कथील महाग, नवसागराचा धूर, आणि सोसायटीत भट्टी पेटवू देत नाहीत. कल्हई उडालेल्या पातेल्यात चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, मग घरभर उलट्या. माझ्या बालपणी हे झालेले आहे.

शिवाय आपण सगळे जुन्या भांड्यांवर भांडत आहोत. खरा पसारा संक्रांतीच्या वाणाचा आहे. दर वर्षी हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे, गाळणी, वाट्या लुटायच्या आणि तितक्याच घरी आणायच्या. वास्तुशांतीच्या, मुंजीच्या साड्या पिशवीतून न काढता पुढच्या घरी जातात. मी तीन वर्षांपूर्वी वाण म्हणून गूळ आणि तीळ द्यायला सुरुवात केली, तेव्हा शेजारणींनी ‘कंजूष’ म्हटले. ते अजून माझ्या मनात आहे.

खलबत्ता
भांडे कळकले, तो दोष भांड्याचा नाही, वेळेवर कल्हई न करणाऱ्याचा आहे. आमच्या गावच्या आठवडी बाजारात अजून कल्हई होते. वर्षातून दोनदा भांडी घेऊन जाते, ओझे स्वतः उचलते.

साखरवाटी
आपल्याला आठवडी बाजार आहे आणि बळही आहे. ज्या बाईला दोन्ही नाही तिला दोषी ठरवू नका. हे मी रागानेच लिहीत आहे.

माणदेशी
भांड्यांना केवळ आठवण म्हणणाऱ्यांनी आणि केवळ अडगळ म्हणणाऱ्यांनीही 1972 चा दुष्काळ आठवावा. आमच्या आजीने त्या वर्षी आधी घंगाळ, मग हंडा आणि शेवटी परात सावकाराकडे ठेवली. घरातली माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मुले सुकडीवर जगत होती. परात तेवढी सुटून परत आली. बँकेत खाते नसलेल्या बाईची ठेव म्हणजे तिच्या भिंतीतले फडताळ होते, आणि अडचणीत मोडीत घालता येते म्हणूनच ती पितळ जमवत होती. त्यामुळे मोडीत घालणे ही चूक आहे, हे खलबत्ताताईंचे म्हणणे मला मान्य नाही. मात्र गरज नसताना, हलके वाटावे म्हणून मोडणे माझ्या आजीला कळलेच नसते.

वर्ध्याकडचा
साधे राहणे हा शब्द येथे फार स्वस्त झाला आहे. विनोबांनी गांधीजींची एकादश व्रते ज्या श्लोकात बांधली, त्यात अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, तिसरे आणि असंग्रह, म्हणजे साठा न करणे, पाचवे आहे. 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी गरज नसलेली वस्तू घेणे हीदेखील चोरीच मानली. म्हणजे हे व्रत वस्तू घेताना पाळायचे आहे, टाकताना नव्हे. मोकळी जागा यांना मी सरळ विचारतो: माळा रिकामा केल्यावर गेल्या वर्षभरात घरात नवे काय काय आले?

मोकळी जागा
सरळच उत्तर देतो. एकसारखे पारदर्शक डबे आले, दोन भिंतीतली कपाटे आली, हवेवर तळणारे यंत्र आले. त्या यंत्राला चार महिने हात लागलेला नाही. आपला मुद्दा मला टोचला आणि तो मान्य करावा लागतो.

उंबरठा
मग आईची कढई कोणी घेईल का, हे एकदा विचारायला हवे होते. पुण्यात संग्रहालय उभारणाऱ्या दिनकर केळकरांनी असेच घराघरांतले दिवे, अडकित्ते आणि दौती गोळा केल्या. वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह 1975 मध्ये त्यांनी शासनाला दिला. घरोघरी वर्षाचा नियम असता तर त्यांना काय मिळाले असते?

मोकळी जागा
केळकरांना त्या वस्तू मिळाल्या, कारण घरोघरच्या माणसांनी त्या हातावेगळ्या केल्या. संग्रहालय हे संग्रहालय आहे; माझी आई त्याची राखणदार नव्हती. ‘भावनिक आळस’ हे शब्द मी मागे घेतो, ते आपल्याला लागले हे उघड आहे. कढई मोडल्याचे मला आजही दुःख नाही. ती समोर असती तर मी रोज ते स्टूल पाहिले असते.

उंबरठा
हे आधी लिहिले असतेत तर मी वेगळ्या शब्दांत उत्तर दिले असते. मीही बासष्ट वर्षांची आहे आणि माळ्यावर शिडी लावून मीच चढते, हे आपले उत्तर वाचताना प्रथम ध्यानात आले. रविवारी जावई येणार आहेत. त्यांच्याकडून पातेली खाली उतरवून घेईन आणि ओट्याखालच्या कप्प्यात ठेवीन. त्यासाठी तेथले प्लॅस्टिकचे डबे काढावे लागतील. पातेली मोडीत जाणार नाहीत.